तिचा निबंध मी वाचला

सुरुवात माझ्या एका जुन्या चुकीपासून करते. बाकीचं त्यातूनच निघेल.

दहा-बारा वर्षं झाली असतील. रावेर तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होती. विषय तिनंच निवडला होता. केळीच्या बागांत ठिबक आलं, त्यामुळे मजूर बायकांच्या कामाचं काय झालं? दोन वर्षं ती एसटीनं, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, बागाबागांतून हिंडली. बायकांबरोबर बांधावर बसून भाकर खाल्ली आणि वह्या भरल्या. दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात नवोपक्रम धोरणावर परिषद भरणार होती. तिथे तिनं निबंध पाठवला आणि तो स्वीकारला गेला. पत्र आलं त्या दिवशी आम्ही दोघींनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

परिषदेच्या वेळी तिचं बाळ आठ महिन्यांचं होतं. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "तान्ह्या लेकराले सोडीसन कुठी जाशीन?" नवऱ्याचा विरोध नव्हता, पण पाठिंबाही नव्हता. नोंदणीचं शुल्क, रेल्वेचं तिकीट, राहण्याचं भाडं सगळं आधी खिशातून भरायचं आणि मिळाले तर पैसे नंतर पावत्या दाखवून मिळायचे. ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे आपण सी.एच.बी. म्हणतो तशी, शिकवत होती. जितके तास तितके पैसे. आठवडाभर बाहेर राहिली की तेवढे पैसे बुडाले. मी मात्र कायम नोकरीतली. मला कर्तव्य रजा होती, प्रवासभत्ता होता, माझी मुलं मोठी झाली होती. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही जाताच आहात, तर माझाही वाचून टाका."

मी वाचून टाकला.

वाचन बरं झालं. पंधरा मिनिटांत संपवलं, टाळ्या पडल्या. मग समोरच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ अभ्यासकांनी साधा प्रश्न विचारला. बाग मोडताना ठिबकच्या नळ्या गोळा कोण करतं? तोट्या तुंबल्या की त्या साफ कोण करतं? मी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सालदार करतात." उत्तर पटण्यासारखं होतं. तसंच ते सत्राच्या टिपणात गेलं.

घरी आल्यावर मी तिला हे सांगितलं. तिनं काही न बोलता वही काढली. पानंच्या पानं भरलेली होती. ठिबकमुळे पाणी फक्त झाडाच्या मुळाशी पडतं, मधल्या जागेत तण कमी उगवतं, म्हणून निंदणीचे दिवस घटले. निंदणी हे बायकांच्या रोजाचं हक्काचं काम. उलट रात्री-अपरात्री दारं धरण्याचं पुरुषांचं काम सुटलं, आणि ते सुटलं हे चांगलंच झालं. पण नळ्या अंथरायच्या, गुंडाळायच्या, ओळीतून चालत तुंबलेली तोटी शोधायची हे नवं काम तिनं पाहिलेल्या बागांत बायकांच्या अंगावर आलं होतं. ते कोणी वेगळं काम म्हणून मोजत नव्हतं. इतर कामांच्या मध्ये "जरा बघून घे" म्हणून सांगितलेलं काम होतं ते. त्याचा रोज नाही की त्याला नाव नाही. "हे पान मी निबंधात घातलं नव्हतं मॅडम, पंधरा मिनिटांत बसत नव्हतं. पण कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

विचारलं होतं. सांगायला ती तिथे नव्हती.

त्या अभ्यासकांनी जाताना मला आपला पत्ता दिला होता. त्यांच्याकडे एका मोठ्या कामासाठी तरुण अभ्यासक हवे होते. मी तो पत्ता तिच्याकडे दिला, तिनं पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. ज्या बाईला त्यांनी पाहिलंच नव्हतं तिला ते उत्तर देणार तरी कसं? प्रमाणपत्र तिच्या नावाचं आलं, ओळखी मात्र माझ्या झाल्या. बऱ्याच महिन्यांनी ती एकदा म्हणाली, "तुम्ही वाचायला नको होता मॅडम. परत पाठवायला हवा होता." तेव्हा मला ते लागलं. आज पटतं.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, परिषदांचा हा विषय या अंकात कशाला? आपल्यापुढे हिंसाचार आहे, रेशन आहे, पाणी आहे. चार शिकलेल्या बायका परिषदेला गेल्या काय किंवा न गेल्या काय! हा आक्षेप मी आपल्याच बैठकांमध्ये ऐकला आहे आणि तो खोटा नाही. परिषदा म्हणजे जेवणावळी, शाली, नारळ आणि फोटो, असं चित्र आपणच पाहिलेलं आहे. पण ज्या विषयावरच्या परिषदेबद्दल मी बोलते आहे, तो विषय आपल्या शेतात आणि घरात शिरलेला आहे.

नवोपक्रम हा शब्द जड आहे. अर्थ सोपा आहे. नवं यंत्र, नवं बियाणं, कामाची नवी पद्धत कुणी काढायची, सरकारनं कशाला पैसा द्यायचा आणि तो कुणाच्या हातात जायचा, हे ठरवणं म्हणजे नवोपक्रम धोरण. २०१३ साली देशाचं जे धोरण आलं त्याच्या नावातच विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या जोडीला हा शब्द बसला. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रमासाठी वेगळं मंडळ ठेवलं. आता आपल्या खान्देशाकडे बघा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जळगावात ठिबकचा मोठा उद्योग उभा राहिला, पाठोपाठ उतिसंवर्धित केळीची रोपं आली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. यातली एकही गोष्ट बाईच्या हातावाचून झालेली नाही. कापूस वेचते ती, निंदते ती, प्रयोगशाळेत रोपाचे तुकडे करून बाटलीत लावते तीही. पण ठिबकचं अनुदान मागायला गेलं की कागद लागतो सातबारा. सातबारावर नाव कुणाचं, ते तुम्हाला सांगायला नको. लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम १९९० च्या सुमारास आपल्या भागात गाजला, तो याच प्रश्नासाठी.

अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं बचतगटांना ड्रोन देण्याची 'नमो ड्रोन दीदी' योजना जाहीर केली. पंधरा हजार गट, १,२६१ कोटी रुपये. कागदावर ड्रोन बाईच्या नावावर येईल. तो उडवील कोण, फवारणीचे पैसे कुणाच्या खात्यात जातील, बॅटरी बिघडली तर शहराकडे कोण जाईल? आणि हातपंपानं फवारणी करणाऱ्या मजुराचं काय होईल? हे प्रश्न दिल्लीत बसून सुचत नाहीत. ते बांधावर बसून भाकर खाणारीला सुचतात. म्हणून ती त्या खोलीत हवी. तिच्या जागी तिची मॅडम असून भागत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे.

तरुण अभ्यासकाला आधार द्यायची रीत आपल्याकडे नवी नाही. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. तिथे तरुणांना राहायला जागा मिळे, विद्यावेतन मिळे, मोठ्या अभ्यासकांचा सहवास मिळे. १९२३ मध्ये साने गुरुजी अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात. पुढे कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ त्या छोट्या गावात येऊन राहिला, आणि तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिकही तिथून निघत असे. धुळ्याला राजवाड्यांच्या निधनानंतर लगेच, १९२७ मध्ये, त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांची कागदपत्रं जपली गेली. म्हणजे आडगावच्या अभ्यासकाला पैसा, जागा आणि संगत लागते हे आपल्या भागाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. फक्त या दोन्ही ठिकाणांच्या इतिहासात जी नावं आपल्याला तोंडपाठ आहेत ती सगळी पुरुषांची आहेत. विद्यावेतन आणि खोली मिळालेल्या त्या तरुणांची धुणी-भांडी, लेकरं-बाळं कोण बघत होतं, हे इतिहासात येत नाही.

स्त्री-चळवळीनं ही कोंडी आपल्या परीनं फोडली. १९८१ मध्ये मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातून १९८२ मध्ये भारतीय स्त्री-अभ्यास संघटना जन्मली. तिथे कार्यकर्ती आणि प्राध्यापक एका मांडवात बसल्या. इकडे शहाद्याच्या परिसरात, तेव्हा तो धुळे जिल्ह्यातच होता, सत्तरच्या दशकात भिल्ल बायकांनी दारूविरुद्ध मोर्चे काढले, आणि चळवळीबरोबर शिबिरं रुजली. आपल्या शिबिरांची रीत आठवा. बायका पोरं घेऊन यायच्या. एकीनं बोलायचं, दुसरीनं तिचं मूल मांडीवर घ्यायचं. भाषण कळलं नाही तर मध्येच थांबवून विचारायचं. यासाठी आपण कधी ठराव केला नव्हता. बाई येणार म्हणजे तिच्याबरोबर मूल येणार, हे आपल्याला माहीत होतं.

विद्यापीठांच्या परिषदांना हे अजून माहीत नाही. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला स्थापन झालं, त्याआधी आम्हाला प्रत्येक कागदासाठी पुण्याच्या वाऱ्या कराव्या लागत. विद्यापीठ जवळ आलं तसा पीएच.डी. करणाऱ्या मुलींचा ओघ वाढला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण विद्यापीठ जवळ आलं तरी परिषदा दूरच राहिल्या. धुळ्याहून दिल्ली किंवा चेन्नई गाठायची तर आधी चाळीसगाव किंवा जळगाव गाठायचं, गाडी अनेकदा मध्यरात्री, फलाटावर एकटी बाई. घरच्यांची भीती खोटी नसते. १९९४ मध्ये जळगावचं ते प्रकरण बाहेर आलं, तेव्हा माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींचं बाहेर पडणं रातोरात बंद झालं. गुन्हा पुरुषांनी केला आणि घरात बसवल्या मुली. ती सावली अजून पुरती गेलेली नाही.

नियमांचंही थोडं बोलायला हवं. २०१६ च्या यूजीसी नियमांनी पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला २४० दिवसांची प्रसूती आणि बालसंगोपन रजा दिली, दोन वर्षांची वाढीव मुदत दिली. ही मोठी गोष्ट झाली. त्याच नियमांत प्रबंध सादर करण्याआधी दोन परिषदांत निबंध वाचण्याची अट होती. हेतू चांगला होता. झालं काय? एका दिवसात दीडशे निबंध उरकणारी चर्चासत्रं गावोगाव निघाली. सकाळी शुल्क भरा, पाच मिनिटं बोला, संध्याकाळी प्रमाणपत्र घ्या. ऐकायला समोर कोण, तर आपली पाळी येण्याची वाट बघणारे. २०२२ च्या नियमांनी ती अट काढली. प्रमाणपत्रांचा हा बाजार थोडा उतरला असेल तर चांगलंच झालं. पण आता संस्थांना सबब मिळाली आहे: "परिषद सक्तीची नाही ना, मग कशाला जातेस?" मुलांना कुणी हे विचारत नाही. मुलगा मित्राच्या खोलीवर मुक्काम करून परिषद करून येतो, चहाच्या टपरीवर ओळखी करून येतो. अट होती तेव्हा मुलीला घरी निदान "जावंच लागतं" असं सांगता येत होतं.

मग परिषदेतून मिळतं तरी काय? माझ्या मते एकच गोष्ट मिळते, आणि ती दुसरीकडे मिळत नाही. तुमचं काम न ओळखणारा माणूस ते आधी वाचून येतो आणि त्याबद्दल तुम्हाला प्रश्न विचारतो. नवोपक्रमाच्या अभ्यासकांचं ग्लोबेलिक्स नावाचं जागतिक जाळं आहे. २००६ मध्ये त्यांची परिषद तिरुवनंतपुरमला भरली होती. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी ते वेगळी अभ्यासशाळा घेतात. तिथे विद्यार्थ्यानं आपलं अर्धवट काम मांडायचं आणि मुरलेल्या अभ्यासकांनी त्यावर सविस्तर बोलायचं, अशी पद्धत आहे. तिथे अर्धवट काम आणायला लाज नाही. आपल्या मुलींना नेमकं हेच हवं असतं, आणि आपल्याकडे नेमकं हेच मिळत नाही. आपल्याकडे ज्येष्ठ मंडळी उद्घाटनाला येतात, भाषण करतात आणि जेवून जातात. तरुणांची सत्रं सुरू होतात तेव्हा पुढच्या खुर्च्या रिकाम्या असतात.

२०२० नंतर परिषदा पडद्यावर आल्या. अनेक मुलींना घरबसल्या बोलता आलं, हे मी नाकारत नाही. पण घरबसल्या म्हणजे घरात. कुकरच्या शिट्ट्या, दारावर दूधवाला, "झालं का तुझं?" असं विचारणारं कुणीतरी. आणि बोलणं संपलं की पडदा बंद. ज्या गप्पांतून पुढचं काम मिळतं, त्या पडद्यावर होत नाहीत. पडदा ही सोय आहे. तिला बाईच्या प्रवासाचा पर्याय म्हणून पुढे केलं गेलं, तर आपण सावध राहायला हवं.

तर मग करायचं काय? २०२० च्या राष्ट्रीय धोरणाच्या मसुद्यात निर्णय घेणाऱ्या मंडळांवर निदान तीस टक्के बायका असाव्यात असं म्हटलं होतं. मंडळावर बाई हवीच. पण मंडळापर्यंत पोचणारी वाट या परिषदांमधूनच जाते, आणि वाटेवरच्या अडचणी तीस टक्क्यांनी सुटत नाहीत. मला सुचतं ते असं.

पैसे आधी द्या. पावती दाखवून नंतर मिळणारे पैसे ज्यांच्या हातात आधीच पैसे आहेत त्यांच्याच उपयोगाचे. सी.एच.बी.वरच्या मुलीला तिकीट काढून हातात द्या, तिचे बुडालेले तास भरून द्या. विद्यापीठांची नवोपक्रम मंडळं हे करू शकतात. आपण तसं त्यांच्याकडे लेखी मागायला हवं.

मुलाचं आणि सोबतीचं तिकीट हा परिषदेचा खर्च माना. तान्हं मूल असेल तर आई किंवा सासू बरोबर येईल. सासूबाईंना एकदा बरोबर न्या, मग विरोध किती उरतो ते बघा. परिषदेच्या जागी पाळणाघर नसेल तर आयोजकांना पत्र लिहून विचारा, का नाही?

भाषेचा बाऊ कमी करा. मराठीत विचार केलेलं काम इंग्रजीत मांडताना निम्मं गळून जातं. महाराष्ट्रातल्या परिषदेत एक तरी सत्र मराठीत हवं, आणि बाहेरच्या परिषदेत प्रश्नाचं उत्तर हिंदीत द्यायची मोकळीक हवी.

सुरक्षिततेची जबाबदारी लेखी घ्या. २०१३ चा कायदा आणि उच्च शिक्षणासाठीचे यूजीसीचे २०१५ चे नियम फक्त वर्गखोलीपुरते नाहीत. कामानिमित्त जावं लागतं ती जागा, तिथला प्रवास, शिबिरं, अभ्यासदौरे त्यांच्या कक्षेत येतात. परिषदेच्या पत्रिकेवर स्वागताध्यक्षांचं नाव असतं, तसं तक्रार समितीच्या बाईचं नाव आणि फोनही हवा.

आणि माझ्यासारख्या मार्गदर्शकांना एकच विनंती. तिच्या जागी वाचू नका. ती येऊ शकत नसेल तर आयोजकांना तसं कळवा, कारणासकट. ती जागा रिकामी दिसू द्या. मी वाचला तेव्हा सगळ्यांची सोय झाली. आयोजकांची, घरच्यांची, कॉलेजची आणि माझीही. ती का आली नाही, हे त्यामुळे कुणाला विचारावंच लागलं नाही.

ज्या बहिणाबाईंचं नाव २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठाला दिलं गेलं, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ऐकून लिहून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत ती गाणी आली. पुस्तक निघालं १९५२ मध्ये. बहिणाबाई १९५१ मध्येच गेल्या होत्या. आपल्या लिहित्या-वाचत्या मुलींनी तरी आणखी किती दिवस दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं?

माझी ती विद्यार्थिनी उशिरा का होईना, डॉक्टर झाली. अजून सी.एच.बी.वरच आहे. जळगाव-धुळ्यातल्या आम्ही काही शिक्षिका तिच्याच सांगण्यावरून दरमहा शंभर-शंभर रुपये काढतो, भिशीसारखे. त्यातून वर्षाला एक-दोन मुलींची तिकिटं निघतात. पहिलं तिकीट काढलं ते एका मुलीचं आणि तिच्या आईचं, मांडीवरच्या नातवासकट. ती मुलगी स्वतः उभी राहून बोलली. एका प्रश्नाला तिनं "मला माहीत नाही, गावात जाऊन विचारीन" असं उत्तर दिलं. बारा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायला हवं होतं.

पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या, दिल्लीच्या मैत्रिणींकडे आमचं एक मागणं आहे. तुमच्या शहरात परिषद असते तेव्हा आमच्या मुलींना हॉटेल परवडत नाही. तुमच्या घरात दोन रात्रींसाठी एक खोली, स्टेशनवर घ्यायला येणारं एक माणूस, आणि जमल्यास दिवसा मूल सांभाळायला कुणीतरी. ज्यांना जमेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं. यादी आम्ही करतो.